पल्सर 220 चे टायर बदलायचेत, मृग लागायच्या आत. मागे जाड टाकू की कंपनीच्याच साइजचा?

डिचोली220

नमस्कार मंडळी. गाडी पल्सर 220, 2019 ची, 34 हजार किमी झालेत. रोज डिचोली ते पणजी. वेळेत निघालो तर मये-चोडण करून फेरीने रायबंदर, उशीर झाला (म्हणजे बहुतेक रोजच) तर अस्नोडा-म्हापसा-पर्वरी. महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव, सासुरवाडी, बायको मागे आणि दोन पिशव्या, येताना चार.

मागचा टायर 2022 मध्ये एकदा बदललाय, तो आता मधोमध सपाट झालाय, पोळपाटासारखा, कडेला मात्र नक्षी नवीकोरी. वळणावर गाडी आधी वाकायला तयारच नसते आणि मग एकदम धपकन वाकते. पुढचा गाडीबरोबर आलेला तोच आहे, नक्षी बरी दिसते म्हणून कधी हात लावला नाही, पण परवा गाडी धुताना बघितलं तर बाजूच्या रबराला बारीक बारीक चिरा, जुन्या चपलेच्या पट्ट्याला पडतात तशा.

गेल्या आठवड्यात अवकाळी पडला ना, त्या दिवशी रायबंदरला फेरीतून उतरताना पुढचं चाक वीतभर बाजूला सरकलं. पडलो नाही, पाय टेकवला तर बूट पण सरकला, मागे उभे असलेले सगळे बघत होते.

आता एका दुकानात (नाव नको) विचारलं तर म्हणाला मागे 140/60 टाका, गाडी भरलेली दिसते, ग्रीप डबल होते, आणि पुढचा अजून वर्षभर आरामात चालेल. मला जाड टायर बघायला आवडतो हे खोटं कशाला बोलू. पण खरंच ग्रीप वाढते का, पुढचा ठेवू का टाकून देऊ, आणि मऊ रबरवाला घ्यायचा की जास्त चालणारा? बजेट दोन्ही मिळून साताठ हजार. कंपनी सांगा, शिव्या नंतर द्या.

चोर्ला_दर_रविवार

शिव्या आधीच देतो. सात वर्षांचा, चिरा पडलेला टायर पुढे ठेवून बायकोला मागे बसवून चोर्ला चढतोस? पुढचा आज काढ. मागचा वाटल्यास पुढच्या पगाराला.

लोक उलटं करतात कारण झिजलेला मागचा डोळ्याला दिसतो, पुढचा दिसत नाही. ब्रेक मारलास की सगळं वजन पुढे येतं, गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच टायर करतो. मागचा घसरला तर ढुंगण हलतं आणि बऱ्याच वेळा गाडी सावरते, पुढचा घसरला तर कळेपर्यंत तू रस्त्यावर असतोस. नक्षी शिल्लक आहे याला काही अर्थ नाही, उन्हात उभं राहून रबर वाळतं आणि कडक होतं, नखाने दाबून बघ, नव्या टायरवर नख थोडं रुततं, तुझ्या त्या टायरवर बहुतेक टक टक वाजेल.

आता 140/60. तुझा मूळ मागचा 120/80-17 आहे. 120 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 80 म्हणजे त्या रुंदीच्या 80 टक्के उंची, म्हणजे 96 मिमी. 140 चे 60 टक्के किती? 84. म्हणजे मागची गाडी 12 मिमी खाली बसणार, आपल्याकडचे गावागावातले डोंगर, ज्यांना स्पीडब्रेकर म्हणतात, त्यांच्यावर बायको बसलेली असताना काय घासेल ते तूच बघ. चाकाचा घेर कमी झाला की त्याच स्पीडला इंजिन पण जास्त फिरणार.

आणि खरी गोम रिममध्ये आहे. रिम तीच राहणार ना? 120 साठी बनवलेल्या रिमवर 140 कोंबला की कडा आत दाबल्या जातात आणि टायर मधून फुगून वर टोकदार होतो. रस्त्याला टेकणारा भाग रुंद व्हायच्या ऐवजी वेगळ्याच आकाराचा होतो, कडेचं रबर तर वाकल्यावरसुद्धा रस्त्याला लागत नाही. दिसायला जाड, कामाला बारीक. वर चेन नाहीतर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) घासायची भीती. मी स्वतः जुन्या गाडीला हा शहाणपणा केला होता, दोन पावसाळे कणकुंबीच्या पुढच्या वळणांवर गाडीशी कुस्ती खेळलो आणि शेवटी निम्म्या किमतीत टायर विकून मूळ साइजवर आलो.

पुढे 90/90-17, मागे 120/80-17. यात डोकं चालवू नको.

पिवळा_मडगार्ड

मी पणजीत पायलट आहे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, बावीस वर्षं झाली. पिवळी-काळी गाडी, दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, मागे कधी चाळीस किलोची कॉलेजची पोर तर कधी शंभर किलोचा माणूस आणि वर त्याची गोणी. तेव्हा टायरचं जरा कळतं म्हणायला हरकत नाही.

आधी एक गोष्ट, फेरीच्या रॅम्पचा दोष टायरला लावू नको बाळा. ओलं लोखंड, वर चिखल आणि बोटीच्या डिझेलचा ओघळ, त्याच्यावर जगातला कुठला पण टायर टाक, सरकणारच. तिथं गाडी सरळ, पहिल्या गिअरमध्ये, हँडल न वळवता, पुढच्या ब्रेकला बोट सुद्धा न लावता उतरायचं. तू बहुतेक उतरता उतरता हँडल वळवलास, घाईत सगळे तेच करतात. रॅम्प संपून काँक्रीट लागलं की मग वळव. नवीन टायर घालून परत तिथंच पडलास तर इकडे येऊन टायरला शिव्या घालशील म्हणून आधी सांगून ठेवलं.

दुसरं, पहिला पाऊस. जून महिन्यात जेवढे लोक पडतात तेवढे भर जुलैत पडत नाहीत. आठ महिन्यांचं तेल, धूळ, खाणीच्या ट्रकांची लाल माती, सगळं पहिल्या सरीला वर येतं आणि रस्त्याचं साबणाचं पाणी होतं. तासभर जोरात पडून धुऊन गेला की रस्ता परत पकडतो. पहिल्या सरीला मी गाडी सरळ कुठल्यातरी बारच्या छपराखाली लावतो, चहा घेतो (चहाच), मग निघतो. आणि हायवेला मासळीचे ट्रक जातात त्यांच्यातून पाणी गळतं, ते वळणावर लागलं की काय होतं ते विचारू नको.

टायर म्हणशील तर मला जास्त चालणारा लागतो, पोटाचा प्रश्न आहे. मागे कडक रबरवाला घालतो, वीस हजाराच्या वर जातो. पण पुढे कधीच कंजुषी करत नाही. पुढे चांगला मऊ, आणि दोन पावसाळे झाले की तिसऱ्याच्या आधी बदलतो, झिजला असो नसो.

म्हापशेकर_चिका

घे रे एमआरएफ आणि मोकळा हो, आपल्या उसगावात फॅक्टरी आहे, घरचं लोणचं सोडून बाहेरचं कशाला 😄

डिचोली220

काका, शंभर टक्के खरं, हँडल वळवलं होतं मी, मागून कारवाला हॉर्न मारत होता. आजपासून मारू दे काय तो हॉर्न.

चोर्ला भाऊ, 140 चं भूत उतरलं. आत्ता जाऊन नखाने दाबून पण आलो, टक टक नाही पण जवळपास तसंच. दोन्ही बदलतो. आता प्रश्न राहिला मऊ की कडक, आणि दुकानात गेल्यावर बघायचं काय? त्यांनी सांगितलेलं मला काही कळत नाही, मी फक्त मान डोलावतो.

रबर_आणि_चहा

सहा वर्षं टायरच्या दुकानात काढलीत, आता दुसरं काम करतो, त्यामुळे मोकळेपणाने सांगू शकतो. मान डोलावणाऱ्या गिऱ्हाइकालाच आम्ही कपाटाच्या मागचा टायर काढून द्यायचो.

सगळ्यात आधी तारीख. टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहिलेलं असतं, त्याच ओळीत शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. 2324 असेल तर 2024 चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत चालतो, त्याच्या पुढचा असेल तर दुसरा दाखवा म्हणायचं. टायर नवीन दिसतो म्हणजे नवीन असतो असं नाही, आम्ही पॉलिश मारायचो, आरशासारखा चमकायचा. आणि पुढचा ताजा, मागचा जुना असं पण होतं, दोन्ही बघ. एका बाजूला तारीख नसेल तर उलटा करून बघ, बऱ्याच वेळा एकाच बाजूला असते.

मग साइजच्या पुढचा आकडा आणि अक्षर. तुझ्या मागच्यावर 61पी असं असेल. 61 म्हणजे तो टायर 257 किलो वजन पेलतो, पी म्हणजे 150 च्या स्पीडपर्यंत. पुढे 49पी, म्हणजे 185 किलो. नवीन घेताना हे आकडे सारखे किंवा जास्त असले पाहिजेत, कमी नकोत, तू, बायको, सासूबाईंच्या चार पिशव्या सगळं त्याच्यातच येतं. स्वस्तातले काही टायर साइजला बरोबर बसतात पण हा आकडा खालचा असतो, आणि ते कोणी वाचत नाही.

पुढचा टायर पुढच्यासाठीच बनलेला घे. बाजूला बाण असतो, चाक फिरतं त्या दिशेला तो बाण पाहिजे. हसू नका, मी उलटे बसवलेले टायर आठवड्याला एक तरी बघायचो, त्यातला एखादा आम्हीच बसवलेला असायचा.

बसवताना मशीनवर बसवून घे. लोखंडी पाना घालून ताकद लावली की अलॉयच्या रिमला ओरखडे पडतात आणि नंतर कडेतून हवा हळूहळू जाते, मग माणूस पंक्चर शोधत बसतो. ट्यूबलेस आहे तर व्हॉल्व्ह पण नवा टाकून घे, पन्नास-शंभर रुपयांची वस्तू पण तिचं रबर पण टायरएवढंच म्हातारं झालेलं असतं. बॅलन्सिंग करणारा असेल तर करून घे, 80 च्या पुढे हँडल थरथरत असेल तर बऱ्याच वेळा तेच कारण असतं. नायट्रोजनवर पैसे घालवू नको, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो, तो फुकट आहे.

आणि चाक बाहेर आलंच आहे तर बेअरिंग बोटाने फिरवून बघ, खरखर लागली तर बदल. मागच्या हबमधले रबर बघ, ब्रेक पॅड बघ. परत बसवल्यावर चेनचा ताण आणि दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या आहेत का ते तू स्वतः बघ, पोरगं घाईत असतं, चाक तिरकं बसलं तर नवा टायर एका बाजूने झिजतो आणि मग तू कंपनीला दोष देतोस.

हां, आणि किंमत. 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झालाय. जुन्या स्टॉकवर जुनीच किंमत सांगणारे असतात. बिल माग.

चोर्ला_दर_रविवार

मऊ की कडकवर माझं मत, काकांशी थोडं भांडून.

काकांचं बरोबर आहे, पण त्यांचं गणित धंद्याचं आहे. तुझं रोजचं चाळीस-पन्नास, वर्षाला दहा-बारा हजार धर. कडक टायर मागे 25 हजार जातो म्हणजे दोन वर्षांच्या वर, मऊ पंधरा गेला तरी सव्वा वर्ष, म्हणजे एक पूर्ण पावसाळा आणि दुसऱ्याचा बराचसा भाग. फरक किती रुपयांचा? वर्षाला हजारभर, जास्तीत जास्त. एक लिव्हर, एक इंडिकेटर आणि गुडघ्याचं ड्रेसिंग याच्यात तो जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो, म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा तू पाण्यावर गाडी चालवतोस. टायर त्या तिसऱ्या हिश्श्यासाठी घ्यायचा, उरलेल्या आठ महिन्यांत कुठला पण चालतो.

आणि ओल्या रस्त्यावरची पकड म्हणजे फक्त नक्षी नाही. नक्षी पाणी बाजूला सारते हे खरं, पण आपल्या स्पीडला, एवढ्या अरुंद गोल टायरला पाण्यावर तरंगायची वेळ सहसा येत नाही. तिथं काम करतं ते रबर, सिलिका जास्त असलेलं रबर गार ओल्या रस्त्यावर पण लवचिक राहतं. म्हणून डोंगरावर चालवायच्या खोल ठोकळेवाल्या नक्षीच्या मोहात पडू नको, सध्या फॅशन आलीय, 220 ला पण लावतात. डांबरावर ते ठोकळे मधल्या मध्ये वाकतात, पांढऱ्या पट्टीवर तर विचारूच नको.

कंपनी: मी एमआरएफ झॅपर, टीव्हीएस युरोग्रिप आणि मिशेलिन तिन्ही वापरलेत, वेगवेगळ्या गाड्यांना. पावसात मला मिशेलिन सगळ्यात आवडला, झिजला पण सगळ्यात लवकर, आणि महाग. तुझ्या साइजमध्ये मिळतो का ते विचार. युरोग्रिप या दोघांच्या मधला, पैशाला चांगला. झॅपर तुझ्या बजेटमध्ये आरामात, मिळतो पण कुठेही, साखळी गावात पंक्चर होऊन फाटला तरी दुसऱ्या दिवशी मिळेल. सीएट झूम घेतलेले मित्र आहेत, तक्रार ऐकली नाही. पण खरं सांगू, ताजा झॅपर हा दोन वर्षं पडून असलेल्या मिशेलिनपेक्षा कधी पण बरा. पुढे-मागे शक्यतो एकाच कंपनीची एकाच सिरीजची जोडी घे, वळणावर दोन्ही सारखे वागतात.

पिवळा_मडगार्ड

भांडण कसलं, पुढे मऊ घाल एवढंच माझं म्हणणं होतं आणि ते तू पण म्हणतोस. मागे त्याच्या खिशाप्रमाणे.

हवा राहिली सांगायची. गाडीचं पुस्तक काढ, माझ्या भाच्याकडे 220 आहे, त्याच्या पुस्तकात पुढे 25, मागे एकट्याला 28 आणि डबल सीट 32 आहे. सकाळी गाडी गार असताना बघायची, पणजीला पोचल्यावर नाही, गरम टायर जास्त दाखवतो. पंपावरचे काटे प्रत्येकाचे वेगळे, दोनतीनशे रुपयांचा हवा मोजायचा स्वतःचा गेज घे. पावसात हवा कमी ठेवली की ग्रीप येते असं सांगणारे खूप भेटतील, ऐकू नको, कमी हवेत टायर मधे आत जातो आणि पाणी बाजूला सारतच नाही. तुझा मागचा पोळपाट झालाय ना, सरळ रस्त्याने मधला पट्टा झिजतोच, पण त्याच्यात कदाचित वर्षभर 40 हवा भरून फिरलायस. खरं सांग.

डिचोली220

…36. पंपावरचा पोरगा विचारायचा किती, मी म्हणायचो मार बिनधास्त.

म्हापशेकर_चिका

बिनधास्त हा आकडा पुस्तकात नाही 😂

आणि एक सिरियस. ट्यूबलेसला पंक्चर झालं की मधल्या भागात असेल तरच स्ट्रिप (भोकात कोंबायची रबराची पट्टी) मारायची, बाजूच्या भिंतीला झालं तर टायर गेला समजायचा. माझ्या चुलत भावाने बाजूला दोन स्ट्रिपा मारून फिरवला, बोरी पुलाच्या अलीकडे बसला बिचारा भोपळ्यासारखा फुगलेला टायर बघत.

डिचोली220

अपडेट. शनिवारी बदलले. झॅपरची जोडी घेतली, मूळ साइज. पहिल्या दुकानात पुढचा दाखवला तो जवळजवळ दोन वर्षांचा निघाला, मी आकडे वाचायला लागलो तसा तो माणूस म्हणाला "साहेब रबर आहे, दूध नाही नासायला". उठलो. दुसऱ्या दुकानात दोन्ही तीन-चार महिन्यांचे मिळाले, व्हॉल्व्हसकट, बॅलन्सिंगसकट, बजेटमध्ये, उरलेल्या पैशात गेज पण आला. मागचं बेअरिंग खरखरत होतं, ते पण बदललं. चेनच्या खुणा मी स्वतः मोजल्या, एका बाजूला एक रेघ जास्त होती!! पोराला दाखवली तर त्यालाच आश्चर्य.

गाडी वळते कशी काय सांगू, बायको म्हणाली नवीन घेतली का. मला वाटत होतं माझीच कंबर म्हातारी झाली.

नवीन टायर थोडा गुळगुळीत वाटतोय, साच्याचं तेलकट असतं म्हणतात ते हेच का? किती दिवस सांभाळून?

रबर_आणि_चहा

हो तेच. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जास्त वाकवू नको, जोरात ब्रेक नको, तुझे तीन-चार दिवसांत होतील. लवकर व्हावं म्हणून पॉलिशपेपरने घासणारे शूर वीर आहेत, तू होऊ नको. टायरवर चमकायचं लिक्विड पण मारून देतील कोणी सर्व्हिसिंगला, मधल्या भागाला अजिबात लागू देऊ नको.

आणि बाजूला टीडब्ल्यूआय (TWI) असं लिहिलेलं शोध, किंवा छोटा त्रिकोण. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो. रबर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की संपलं. कायद्याने दुचाकीला 0.8 मिलिमीटर खोली पुरते, पण पावसाळ्याच्या तोंडावर तेवढ्यावर राहू नको.

पिवळा_मडगार्ड

छान झालं. जुने टायर कुठे टाकलेस? दुकानात सोडले नाहीस ना, चिरा पडलेले पण पॉलिश मारून विकतात कुणीतरी गरिबाला.

डिचोली220

दोन्ही घरी आणले काका. पुढचा शेजारी मागतोय, होडी बांधायच्या खांबाला. मागचा भाचीला झोपाळा करून देतोय, फणसाला.

पिवळा_मडगार्ड

झोपाळ्याला खालच्या बाजूने तीन-चार भोकं पाड, नाहीतर पावसाचं पाणी साचेल आणि डेंगीवाले पंचायतीतून नोटीस घेऊन येतील.